सिमला ऑफिस, हत्तीचा पाऊस आणि आमचं सोयाबीन

३१ जुलै २०२३, संध्याकाळची गोष्ट. दादांचा फोन आला. दादा म्हणजे माझे वडील. औसा तालुक्यात आमची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. त्या वर्षी जून कोरडा गेला होता, पेरणी जुलैत उरकली होती आणि सोयाबीन नुकतं कोळपणीला आलं होतं. दादा म्हणाले, "तुझ्या रूमजवळच आहे ना ते सिमला ऑफिस? जाऊन विचार की, पुढचे दोन महिने काय म्हणलालंय."

पुण्यात शिकायला आलेल्या लातूर-नांदेडच्या प्रत्येक पोराला शिवाजीनगरचा 'सिमला ऑफिस' हा स्टॉप माहीत असतो. मला तर पहिली दोन वर्षं ते हिमाचलच्या सहलींचं बुकिंग करणारं ऑफिस वाटायचं. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनाही असंच काहीतरी वाटत असणार. ते आहे हवामान खातं. आणि त्या नावामागचा इतिहास थेट आमच्या शेतापर्यंत येतो.

हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा तो भयानक दुष्काळ पडला, दख्खनमध्ये लाखो माणसं मेली. सरकारला प्रश्न पडला की हे आधी कळलं असतं तर? खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी एक संबंध मांडला: हिमालयात हिवाळ्यात बर्फ जास्त पडलं, तर पुढचा पावसाळा अशक्त. याच आधारावर १८८६ पासून दरवर्षी मोसमी पावसाचा अंदाज निघू लागला. म्हणजे बघा, पाऊस आपल्या काळ्या रानात पडणार की नाही, हे सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या डोंगरातल्या बर्फावरून ठरवायचं!

पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. मूळचे गणिती. जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे एकमेकांशी ताडून बघताना त्यांना प्रशांत महासागरातला झोका सापडला. एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला कमी होतो. आज टीव्हीवर जो एल निनो ऐकता, त्याच्याशी हा झोका जोडलेला आहे. त्या काळात खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला हललं. पुढे तेही दिल्लीला गेलं, पण पुणेकरांनी नाव काही सोडलं नाही.

आता आपल्याकडे या. नांदेड-लातूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. माझ्या आजीला वॉकर माहीत नाही, तिचं वेधशाळेचं काम पंचांग करतं. सात जूनच्या आसपास मृग, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. सप्टेंबरच्या मध्याला उत्तरा, अखेरीला हस्त, म्हणजे हत्तीचा पाऊस. प्रत्येक नक्षत्राला वाहन. बेडूक, म्हैस, हत्ती आलं की आजी खूश. हे वाहन सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांमधलं अंतर मोजून काढतात. त्यात ढग, वारा, दाब यांचा काही संबंध नाही. म्हणून वाहनावर माझा विश्वास नाही. पण नक्षत्रांच्या यादीत एक शहाणपण आहे, ते मला फार उशिरा कळलं. ही यादी पाऊस किती हे विचारतच नाही. पाऊस कधी, आणि त्या वेळी रानात काय उभं आहे, हे विचारते.

उत्तरा-हस्ताचा पाऊस पूर्वी सोन्यासारखा होता. काळ्या मातीत ओल मुरायची, तिच्यावर रब्बी ज्वारी, करडई, हरभरा निघायचा. आता आमच्याकडे जिकडेतिकडे सोयाबीन. ते ऑगस्टमध्ये फुलतं, सप्टेंबरमध्ये शेंगा भरतं आणि हस्ताच्या सुमाराला काढणीला येतं. तोच हत्तीचा पाऊस आता कापलेल्या ढिगावर पडतो. सप्टेंबर २०२१ आठवतो? 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि दोन दिवसांत त्याचं उरलेलं पाणी आपल्यावर कोसळलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठचं सोयाबीन पाण्यात गेलं.

अरबी समुद्राकडून येणारा पाऊस सह्याद्री आधीच पिऊन घेतो, आपण डोंगराच्या मागच्या बाजूला. उत्तरार्धात आपली मोठी आशा असते ती बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. त्यातही नांदेड आणि लातूर एक नाहीत. नांदेडची गोदावरी नाशिकच्या घाटातून येते. तिकडे पाऊस झाला आणि जायकवाडीतून पाणी सोडलं, तर नांदेडला आभाळ निरभ्र असतानाही नदी फुगते. लातूरची मांजरा निघते बालाघाटाच्या डोंगरात, तिला घाटातलं पाणी नाहीच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी असा पाऊस झाला, की रिकामं पडलेलं मांजरा धरण भरलं. पण अंदाजाच्या नकाशावर 'मराठवाडा' हा पैठणपासून किनवटपर्यंतचा एकच तुकडा.

देशपातळीवरचा आकडाही कधी कधी दगा देतो. १९८८ मध्ये वसंत गोवारीकरांनी सोळा घटकांचं मॉडेल आणलं, त्यात हिमालयातलं बर्फही होतं. बरीच वर्षं ते चाललं. २००२ मध्ये अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१. पुढच्याच वर्षी नवं मॉडेल आलं.

परत त्या ३१ जुलैला येऊ. मी काही ऑफिसात गेलो नाही, मोबाईलवर पत्रक वाचलं. त्यात लिहिलं होतं की ऑगस्ट सरासरीपेक्षा कमी, ऑगस्ट-सप्टेंबर मिळून मात्र साधारण सरासरीइतका. दादांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता काय करू? पेरून बसलोय." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. आमचं सोयाबीन फुलातच सुकलं. सप्टेंबरमध्ये पाऊस आला, देशात सरासरीपेक्षा जास्त. हंगामाचा हिशोब झाला ९४ टक्के. एप्रिलमधला अंदाज होता ९६. खात्याच्या बाजूनं बघाल तर जवळजवळ बरोबर. आमच्या घरी एकरी अडीच क्विंटल.

सप्टेंबरच्या त्या ओलीवर दादांनी दोन एकर हरभरा टाकला, तो बरा निघाला. तेव्हापासून मी एकच करतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, पुढच्या चार-पाच दिवसांचं. सप्टेंबरात ते मी फॅमिली ग्रुपवर टाकतो. दादा त्यावरून ठरवतात, कापणी करायची की थांबायचं, ताडपत्री आणायची की नाही. ते खाली नुसता अंगठा टाकतात. आणि त्याच्याखाली आजीचा व्हॉइस मेसेज येतो: "अरे, ते राहू दे, वाहन कोणतं आहे ते सांग."