ओसरीवरची टाकी

समुद्रापासून शेंकडों कोस दूर असलेल्या नागपुरांत बसून पाणबुड्यांच्या पाठीवरील हवेच्या टाकीविषयीं बोलावयाचें, हें कांहीं श्रोत्यांस विनोदाचें वाटेल. अंबाझरीच्या तलावाहून खोल पाणी मीं क्वचितच पाहिलें आहे. तरीपण या विषयाचा आणि आमच्या गांवाचा संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे. दाबाखालीं वायु भरण्याचें धातूचें पात्र आपल्या देशांत वापरांत आणावयाचें, तर त्याच्या नमुन्याला ज्या अधिकाऱ्याची मान्यता लागते, त्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांची कचेरी येथल्या सेमिनरी टेकडीवर आहे.

हा संबंध मलाही ठाऊक नव्हता. तो कळला एका भाच्यामुळें. गेल्या वर्षीं तो तारकर्लीस जाऊन समुद्रांत बुडी घेण्याचें शिक्षण घेऊन आला, आणि परततांना कोणा विक्रेत्याकडून ॲल्युमिनियमची एक जुनी टाकी स्वस्तांत घेऊन आला. टाकी गळत नाहीं हें पटावें म्हणून विक्रेत्यानें ती भरूनच दिली होती. "मामा, बघा, एक पोचासुद्धां नाहीं," असें म्हणून त्यानें ती आमच्या ओसरीवर मुलांच्या सायकलीशेजारीं उभी केली. तेथें ती चार दिवस होती.

अशा टाकीचें पोट सुमारें ११ लिटरांचें असतें, आणि त्यांत मोकळी हवा २,२०० लिटरांच्या आसपास कोंबलेली असते. आंतला दाब चौरस इंचास ३,००० पौंड. म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेवर साडेतेरा क्विंटलांचा रेटा, आणि तोही रात्रंदिवस!

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वीं उमगली. आपला स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ सालचा; त्याचें लक्ष मुख्यतः बंदुकीच्या दारूकडे आणि डायनामाइटकडे होतें. तो अंमलांत आणणारें खातें ५ सप्टेंबर १८९८ रोजीं सुरू झालें. पुढें २८ सप्टेंबर १९३८ च्या जाहीरनाम्यानें सरकारनें ठरविलें कीं, धातूच्या पात्रांत दाबून अथवा द्रवरूप करून भरलेला कोणताही वायु हा स्फोटकच समजावा. आपण क्षणोक्षणीं घेतों ती हवासुद्धां बाटलींत शिरली कीं कायद्याच्या दृष्टीनें डायनामाइटच्या पंक्तीस जाऊन बसते! पहिल्यानें वाचतांना मला हसूं आलें होतें. या जाहीरनाम्याच्या पाठोपाठ १९४० मध्यें गॅस सिलिंडरांचे नियम झाले, आणि १९८१, २००४ व २०१६ सालीं ते नव्यानें करण्यांत आले.

एवढा संशय कां? कारण या पात्रांनीं तो स्वतःच ओढवून घेतला आहे. फ्रान्समध्यें रुकेरोल नांवाचे खाणींचे इंजिनिअर आणि देनेरूझ नांवाचे आरमारी अधिकारी यांनीं १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत पाणबुड्याच्या पाठीवर हवेचें लोखंडी पात्र दिलें. त्या काळच्या धातूला फार मोठा दाब सोसत नसे, म्हणून पाणबुड्याला वरून नळीनें हवा पुरवावी लागेच. पोलादी नळकांडीं चांगलीं होऊं लागलीं तसा दाब वाढला, आणि दाबाबरोबर अपघातही. इंग्लंडांत अशा स्फोटांनंतर सरकारी समिति नेमली गेली व तिनें १८९६ मध्यें आपला अहवाल दिला. १९४३ सालीं कुस्तो आणि गान्यां यांनीं श्वासाबरोबर आपोआप हवा सोडणारी झडप सिद्ध केली आणि पाणबुड्या वरच्या नळींतून कायमचा सुटला. महायुद्ध संपल्यावर इंग्लंडांतले हौशी पाणबुडे विमानांतून काढलेल्या जुन्या बाटल्या पाठीला बांधून पाण्यांत उतरत. जुनी टाकी स्वस्तांत घेण्याचा मोह माझ्या भाच्यालाच पहिल्यानें झाला असें नाहीं.

पोलादी टाकी पारखण्याची रीत जगभर एका धर्तीची पडली. टाकी पाण्यानें भरून पाण्याच्याच हौदांत बुडवावयाची आणि नेहमींच्या दाबाच्या सुमारें दीडपट किंवा त्याहून थोडा अधिक दाब द्यावयाचा. हवेऐवजीं पाणी अशासाठीं कीं, पाणी जवळजवळ दबत नाहीं. टाकी फुटलीच तर नुसती चिरते, उडत नाहीं. दाबानें टाकी किंचित फुगते व हौदांतलें पाणी वर चढतें. दाब काढल्यावर ती पुन्हां पूर्वस्थितीला आली पाहिजे. अमेरिकन पद्धतींत फुगवट्याचा दहावा हिस्सा एवढाच कायम राहिला तर चालतो. त्याहून अधिक राहिला कीं टाकी बाद. पास झालेल्या टाकीच्या खांद्यावर परीक्षेची तारीख ठोकतात.

मग आली ॲल्युमिनियमची टाकी. हिला तांबडा गंज चढत नाहीं, खाऱ्या पाण्यांत पोलादासारखी ती कुजत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत ती लोकप्रिय झाली. त्या वेळच्या पुष्कळ टाक्या ६३५१ या क्रमांकाच्या मिश्रधातूच्या होत्या, आणि त्यांची खोड उघडकीस यावयास कांहीं वर्षें जावीं लागलीं. टाकी भरलेल्या स्थितींत दीर्घकाळ राहिली म्हणजे तिच्या मानेंत, झडप बसते त्या आट्यांच्या आसपास, केसासारखी बारीक चीर पडते आणि वर्षानुवर्षें मुंगीच्या पावलानें पुढें सरकते. हादरा नको, पोचा नको, गंज नको. नुसता सततचा ताण पुरे. आणि घात असा कीं, पाण्याची ती परीक्षा हिला पकडूं शकत नाहीं. मानेजवळचा धातु जाड असतो, त्यामुळें एवढ्याशा चिरेनें फुगवट्यांत फरक पडत नाहीं. टाकी परीक्षेंत उत्तीर्ण होते आणि पुढें कधींतरी भरतां भरतां फुटते. असे स्फोट झाले, भरणारे कामगार कायमचे जायबंदी झाले. १९९४ सालीं अमेरिकेच्या वाहतूक खात्यानें जाहीर इशारा दिला. २००६ मध्यें तेथें या धातूच्या पाणबुडी टाक्यांना मानेची विजेच्या उपकरणानें तपासणी सक्तीची झाली. दरम्यान १९८८ च्या सुमारास मोठ्या कारखान्यानेंही ६०६१ हा दुसरा मिश्रधातु पत्करला होता. त्यांत ही खोड आढळलेली नाहीं.

या धातूचा अभ्यास करणारें जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रही १९८९ पासून आमच्याच नागपुराजवळ, वाडीला आहे. कायदा एका टेकडीवर, धातु अमरावती रस्त्यावर, आणि मधोमध आमच्या ओसरीवर ती टाकी!

पांचव्या दिवशीं मीं चष्मा लावून तिच्या खांद्यावरचे ठसे वाचले. पहिली परीक्षा १९८१ ची. शेवटची अकरा वर्षांपूर्वींची. वास्तविक अशी परीक्षा दर पांच वर्षांनीं व्हावयास हवी. आपल्याकडील मान्यतेची खूण तर कोठेंच नव्हती. म्हणजे आपल्या नियमांनीं ती भरणेंच गैर. मुलांना घराबाहेर पाठवून भाच्यानें झडप अगदीं सावकाश उघडली. सगळी हवा निघून जाण्यास बराच वेळ लागला, आणि तोंवर आम्हीं दोघे एकमेकांशीं एक शब्दही बोललों नाहीं.

पुढें त्यानें ती मुंबईकडील एका परीक्षणकेंद्रांत नेली. तेथल्या माणसानें झडप काढून आंत दिवा व लहानसा आरसा घातला, मग विजेची बारीक कांडी आट्यांतून फिरविली. दोन आटे ओलांडून गेलेली एक रेघ निघाली. बाद झालेली टाकी चेपून अथवा पुन्हां जोडतां येणार नाहीं अशी कापून टाकावी, असा आपल्याकडील नियम आहे. त्याप्रमाणें ती कापली गेली. खांद्याचा तारखा असलेला तुकडा भाच्यानें मागून घेतला. सध्यां तो माझ्या टेबलावर आहे, कागद उडूं नयेत म्हणून.