निरोप एक, कान अनेक : मल्टिकास्ट राउटिंगची गोष्ट



१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता आणि हॉटस्टारवर एका क्षणी सुमारे ५ कोटी ९० लाख जण तो पाहत होते. सामना एक, चेंडू एक, चित्र एक. तरी इंटरनेटच्या हिशेबात प्रत्येक पडद्याकडे त्या चित्राची वेगळी प्रत जात होती. इंदूर किंवा बडोद्याच्या एखाद्या इमारतीत दहा घरांत सामना लागला असेल, तर त्याच चित्राच्या दहा प्रती आल्या. गावोगावी साठवणुकीचे सर्व्हर बसवलेले असतात, म्हणून हे निभावतं.

आकाशवाणीला अशी दहा वेळा मेहनत करावी लागत नाही. आमच्या लष्करी वायरलेस नेटलाही नाही. कंट्रोलवरून एकदा ‘ऑल स्टेशन्स’ म्हणून बोललं की ज्याचा सेट त्या फ्रिक्वेन्सीवर, त्याला निरोप पोहोचला. मग तारांच्या जाळ्यात हे का जमू नये? जमतं. त्याला मल्टिकास्ट म्हणतात आणि त्याचे नियम १९८९ सालापासून कागदावर आहेत. आज त्याचा इतिहास सांगतो आणि राउटरवर ते बिघडतं तेव्हा काय पाहायचं, तेही सांगतो. इतिहास कळला की बिघाड शोधणं सोपं जातं, हा माझा आजचा मुद्दा.

साधा राउटर पोस्टमनसारखा असतो. पाकिटावरचा पत्ता वाचतो आणि विचारतो, हे कुठे जायचंय? मल्टिकास्टमध्ये पत्ता एका यंत्राचा नसतो, गटाचा असतो. २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते या गटांसाठी राखलेले आहेत. आता गट म्हणजे काही एक घर नाही; त्याचे सभासद कुठेही असतील. म्हणून राउटरला प्रश्न उलटा विचारावा लागतो : हे आलं कुठून?

हा उलटा प्रश्न ज्यांनी नीट मांडला, त्यांतलं एक नाव आपल्या ओळखीच्या गावाशी जोडलेलं आहे. योगेन दलाल हे आयआयटी मुंबईचे पदवीधर. स्टॅनफर्डला गेल्यावर १९७४ मध्ये विंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासोबत त्यांनी टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला. पुढे १९७८ मध्ये इथरनेटवाले रॉबर्ट मेटकाफ आणि दलाल यांनी ‘रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग’ म्हणजे आरपीएफ मांडलं. नियम एका ओळीचा आहे. पॅकेट ज्या दारातून आत आलं, त्याच दारातून पाठवणाऱ्याकडे जाण्याची माझी सर्वांत जवळची वाट आहे का? असेल तर पुढे वाढव; नसेल तर टाकून दे. जाळ्यात वाटा गोल फिरतात. हा नियम नसता तर एका निरोपाच्या प्रती फिरत राहून सगळ्या वाटा तुंबल्या असत्या.

दुसरा माणूस स्टीव्ह डीअरिंग. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड चेरिटन यांच्या हाताखाली तो संशोधन करत होता. त्यांच्या प्रयोगातल्या यंत्रांना एकमेकांना गटाने निरोप द्यायचे होते. एका इथरनेटवर ते सहज होई. मध्ये राउटर आला की अडे. या अडचणीतून १९८५ मध्ये पहिला प्रस्ताव आला आणि ऑगस्ट १९८९ मध्ये आरएफसी १११२ हा दस्तऐवज. त्यातली कल्पना फार मोकळी होती. ज्याला ऐकायचंय त्याने आपल्या जवळच्या राउटरला आयजीएमपी या पद्धतीने सांगावं, ‘मी या गटात आहे.’ बोलणाऱ्याला गटाचं सभासद असण्याचीही गरज नाही. ऐकणारे किती आणि कुठले, हे त्याला कळतही नाही. हा मोकळेपणा लक्षात ठेवा. पुढे तोच महागात पडला.

मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोला इंटरनेट अभियंत्यांची बैठक भरली, तिचा आवाज तीन खंडांतल्या २० ठिकाणी थेट ऐकवला गेला. तेव्हाच्या बहुतेक राउटरना मल्टिकास्ट समजत नव्हतं. मग युनिक्सची यंत्रं राउटर म्हणून मांडली आणि त्यांच्यामध्ये बोगदे काढले, म्हणजे मल्टिकास्टचं पाकीट साध्या पाकिटात घालून पलीकडे पाठवलं. या जाळ्याचं नाव एमबोन. नोव्हेंबर १९९४ मध्ये डॅलसहून रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाचा काही भाग त्यावर दाखवला गेला. त्याच्या आधी, कुणी न बोलावता, ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ नावाचा कॅलिफोर्नियातल्या संगणकवाल्यांचा बँड त्याच जाळ्यावर वाजवून गेला. सगळे हसले. पण वायरलेस नेटवर आगंतुक शिरला तर कंट्रोल त्याला गप्प करू शकतो. इथे कंट्रोलच नव्हता.

सुरुवातीची राउटिंगची रीत अशी : निरोप सगळीकडे सोडायचा आणि ज्यांना नको ते ‘आमची फांदी छाटा’ म्हणून कळवतील. छाटणीची मुदत संपली की पुन्हा पूर. लहान जाळ्यात हे चालतं, मोठ्यात नाही. म्हणून डेबोरा एस्ट्रिन, डिनो फरिनाची, व्हॅन जेकबसन, डीअरिंग वगैरे मंडळींनी १९९४ च्या सुमारास पीआयएम मांडलं. त्याच्या ‘स्पार्स’ प्रकारात मागितल्याशिवाय काही पाठवायचं नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांची पहिली भेट एका ठरलेल्या राउटरवर होते. त्याला रॉंदेव्हू पॉइंट, थोडक्यात आरपी म्हणतात. आणि पीआयएम स्वतःचा वाटांचा तक्ता बनवत नाही. साध्या राउटिंगचा तयार तक्ता उसना घेऊन त्यावर आरपीएफची तपासणी करतो.

बिघाडांचं मूळ या उसनवारीत आहे. नेहमी आढळणारा प्रकार घ्या. दोन राउटरांमध्ये दोन लिंक आहेत. पीआयएम पहिलीवरच चालू केलेलं आहे, पण साधा तक्ता म्हणतो, स्रोताकडे जायची वाट दुसरीवरून. पिंग उत्तम चालतं आणि मल्टिकास्टचा पत्ता नाही. नवखा माणूस पिंग दाखवून म्हणतो, ‘नेटवर्क ठीक आहे.’ त्याचं उत्तर खरं, पण प्रश्न दुसरा आहे. पिंग सांगतं, तिथे जाता येतं का. आरपीएफ विचारतं, तिथून योग्य दाराने आलं का.

म्हणून शोध नेहमी ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे करायचा. सिस्कोच्या राउटरवर आधी ‘शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स’ : शेवटच्या राउटरपर्यंत मागणी पोहोचली का? नसेल तर मधला स्विच पाहा. आयजीएमपी स्नूपिंग चालू आणि विचारणा करणारा क्वेरिअर कुणीच नाही, असं बऱ्याचदा निघतं. मग ‘शो आयपी एमराउट’. तिथे इनकमिंग इंटरफेसपुढे ‘नल’ दिसलं आणि हा राउटर स्वतः आरपी नसेल, तर राउटरला मागची वाटच सापडलेली नाही. ‘शो आयपी आरपीएफ’ला स्रोताचा पत्ता द्या, तो कोणतं दार मानतो ते कळेल. त्या दारावर पीआयएमचा शेजारी आहे का, ते ‘शो आयपी पीआयएम नेबर’ सांगेल. सगळ्या राउटरांवर आरपीचा पत्ता एकच आहे ना, तेही पाहा. मग असाच एकेक राउटर मागे जात स्रोतापर्यंत पोहोचा. तिथे शेवटची खोच असते. मल्टिकास्ट पॅकेटची टीटीएल, म्हणजे आयुष्य, मुळात १ धरलेली असते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती वाढवली नसेल, तर पॅकेट पहिल्याच राउटरवर संपतं आणि तुम्ही दिवसभर पुढचे राउटर तपासत बसता.

मग हे साऱ्या जगाच्या इंटरनेटवर का पसरलं नाही? वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाळ्यांतले आरपी एकमेकांना ‘आमच्याकडे अमुक जण बोलतोय’ असं एमएसडीपीने कळवत. जानेवारी २००१ मध्ये रामेन नावाचा वर्म दिसेल त्या पत्त्यांवर चाचपणी करत सुटला. त्यांत गटांचे पत्तेही आले. प्रत्येक चाचपणी ‘नवा वक्ता’ समजून जाळीभर कळवली गेली आणि राउटर दमले. बोलायला परवानगी नको, या मोकळेपणाची ती किंमत. शिवाय एक पाकीट घेऊन दुसऱ्याच्या जाळ्यात त्याच्या हजार प्रती झाल्या, तर पैसे कुणी कुणाला द्यायचे, हेही कधी नीट ठरलं नाही. पुढे ऐकणाऱ्याने गटासोबत वक्त्याचं नावही सांगायचं, अशी एसएसएम पद्धत आली. अखेर २०२० मध्ये आरएफसी ८८१५ ने शिफारस केली, की निरनिराळ्या जाळ्यांमध्ये जुनी मोकळी पद्धत आता वापरू नये.

मात्र एकाच मालकाच्या कुंपणात मल्टिकास्ट खणखणीत चालतं आणि तिथे ते नुसती बँडविड्थ वाचवत नाही. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं उदाहरण पाहा. तिथे सौद्यांची क्षणाक्षणाची माहिती आधी टीसीपीने, म्हणजे प्रत्येक ब्रोकरच्या सर्व्हरला वेगळी आणि एकामागून एक जाई. साहजिकच रांगेत पुढे असलेल्याला ती आधी मिळे. या रचनेची तपशीलवार चिकित्सा सेबीच्या २०१९ च्या आदेशात आहे. नंतर तिथे मल्टिकास्ट आलं : एक पॅकेट निघतं आणि प्रती वाटेतली यंत्रं काढतात. पाठवणाऱ्याच्या हातात रांगच उरत नाही.

एकेकाला सांगणं आणि सगळ्यांना एकदम सांगणं, यांत वेळेचा फरक आहेच, न्यायाचाही आहे. ज्याला निरोप उशिरा मिळतो त्याचं नुकसान होतं, मग ते शेअर बाजारात असो वा मोर्चावर. म्हणून तुमच्यापैकी जे तरुण बंगळूर, हैदराबाद, पुण्यात राउटर सांभाळतात, त्यांना एवढंच सांगणं : गटातला एक जरी म्हणाला, ‘मला ऐकू येत नाही,’ तर त्याच्याच टोकाला उभे राहा आणि तिथून मागे चालत या.

जय हिंद.