चित्रपटाचा विमा, कलावंताचे नशीब

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी ललिता पवार यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. थप्पड जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि उपचारांत सुमारे तीन वर्षे गेली. येवल्यात जन्मलेली ही नायिका पडद्यावर परतली ती चरित्रभूमिकांत. बारीक झालेला तो डोळा पुढे खाष्ट सासूची ओळख बनला. मराठी घरांत ही हकीकत जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती जिद्दीची आहेच. पण ती सांगताना एक प्रश्न राहून जातो: कामावर असताना, कामाचा भाग म्हणून झेललेल्या फटक्याने डोळा अधू झाला, तर ते नुकसान कोणी सोसायचे? त्याच काळात मुंबईच्या गिरणीत साच्यावर बोट तुटले तर भरपाई कोणी द्यायची, हे कायद्याने ठरलेले होते. कलावंताच्या वाट्याला मात्र हक्काऐवजी निर्मात्याची माया आली. याचे कारण कायद्याचा अभाव हे नाही. कायदा होता, बदलत्या धंद्यात त्याला जबाबदार मालक सापडेनासा झाला, हे खरे कारण आहे.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, लागू झाला १ जुलै १९२४ पासून. मोजके अपवाद सोडले तर चूक कोणाची हे कामगाराने सिद्ध करायची गरज त्याने ठेवली नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला एवढे पुरे. या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणकोणत्या कामांतली माणसे संरक्षणास पात्र, याची यादी होती आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपट तयार करण्याचे काम त्या यादीत आले. स्टुडिओंच्या काळात हे सरळ लागू पडण्यासारखे होते. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था नटांना, तंत्रज्ञांना, सुतारांना मासिक पगारावर ठेवत असे. मालक एक, हजेरीपट एक, कामाची जागाही एकच. युद्धकाळात धंद्यात नवा पैसा आला आणि ही घडी मोडली. पगारी नट जाऊन चित्रपटागणिक करार करणारा नट आला; एका चित्रपटापुरती उभी राहणारी निर्मितीसंस्था आली. १९४९ मध्ये नेमलेल्या स. का. पाटील चित्रपट चौकशी समितीपुढे हाच विस्कटलेला धंदा होता आणि तिच्या सदस्यांत खुद्द व्ही. शांताराम होते. आता निर्माता आणि ज्युनिअर आर्टिस्ट यांच्यामध्ये को-ऑर्डिनेटर उभा राहिला. ताऱ्याच्या जागी धोक्याची दृश्ये करणाऱ्या डुप्लिकेटला बोलावणे येऊ लागले ते फाइट मास्टरकडून. हाड मोडल्यावर दाद मागायची तर आपण नेमके कोणाचे नोकर, इथूनच वाद सुरू होतो.

ही त्रुटी संसदेने १९८१ मध्ये ओळखली. चित्रपट कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला, त्यात कलावंत, वादक आणि नर्तक यांना स्पष्टपणे ‘कामगार’ म्हटले गेले आणि ठेकेदारामार्फत आलेल्यालाही त्यात जागा मिळाली. पण त्याला दोन कुंपणे होती. महिना १,६०० रुपये किंवा एकरकमी १५,००० रुपयांपर्यंत मोबदला घेणाराच कामगार ठरणार होता. शिवाय कायदा पूर्ण लांबीच्या चित्रपटांपुरता होता. नेमका याच दशकात छोटा पडदा मोठा झाला. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमिअर स्टुडिओत आग लागून साठाहून अधिक माणसे मेली, तेव्हा तिथे ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण चालू होते. चित्रपट कामगारांसाठी केलेल्या कायद्याच्या व्याख्येत मालिका बसत नव्हती.

विमा आला तो यानंतर, आणि वेगळ्याच वाटेने. १९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा दिला. पाठोपाठ १९९९ चा ‘ताल’ हा विमा उतरवलेला पहिला हिंदी चित्रपट म्हणून गाजला. अशा विम्याचा गाभा निर्मितीत अडकलेला पैसा हा असतो. मुख्य नट आजारी पडून चित्रीकरण थांबले तर निर्मात्याचे नुकसान भरून निघते. हे गैर नाही. पण थांबलेल्या चित्रीकरणाची किंमत ठरवणे आणि मोडलेल्या मणक्याची किंमत ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्यावाचून चित्रीकरण थांबत नाही, ज्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा डुप्लिकेट उभा राहतो, तो या हिशेबात येतच नाही.

जखमी कलावंताला भरपाईचा हक्क हवा, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की नट हा नोकर नव्हे, स्वतंत्र व्यावसायिक आहे. त्याने स्वतःचा विमा स्वतः उतरवावा. मोठ्या नावांकडे पाहिले तर हे पटतेही. २६ जुलै १९८२ रोजी ‘कुली’ चित्रपटाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले तेव्हा सारा देश हळहळला, चित्रपटही त्यांच्यासाठी थांबला. ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये बैलाशी झुंजताना व्ही. शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली, तेव्हा संस्था त्यांचीच होती. पण ही उदाहरणे ताऱ्यांची आणि मालकांची. रोजच्या शिफ्टवर येणाऱ्या माणसाकडे ना थांबण्याची ऐपत असते, ना अटी घालण्याची. दुसरा आक्षेप असा की उडी मारणाऱ्याला धोका ठाऊक असतो. खाणीत उतरणाऱ्यालाही तो ठाऊक असतो. धोका पत्करला म्हणून भरपाई नाही, ही जुनी पळवाट बंद करण्यासाठीच तर १९२३ चा कायदा आला. तिसरा आक्षेप मोजमापाचा: चेहऱ्यावरच्या व्रणाची किंमत काय? ओरिसातल्या एका चित्रपटगृहात शोभेचे काम करताना पडून सुताराचा डावा हात गेला, तेव्हा मालकाने ही आंशिक अक्षमता असल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ते फेटाळले: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची ताकद पूर्ण गेली. हेच माप नर्तकीच्या गुडघ्याला आणि नटाच्या चेहऱ्याला लावता येते.

सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आहे, कारण मराठी निर्मात्याचे अंदाजपत्रक खरोखरच तोकडे असते. पण मालक रोज बदलणाऱ्या कामगाराला संरक्षण कसे द्यायचे, याचे उत्तर महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये माथाडी कायद्याने शोधले. हमालाची नोंदणी मंडळाकडे, मालकाचीही मंडळाकडे. मजुरीवर ठरलेली लेव्ही भरायची आणि मालक कितीही बदलले तरी हक्क कामगाराच्या नावाबरोबर चालत राहतो. एका निर्मात्याला न झेपणारा भार सगळ्यांत वाटला की हलका होतो. कायद्याची व्याख्याही आता रुंदावली आहे: २०२० च्या सुरक्षा व आरोग्यविषयक कामगार संहितेने मालिका, वेबमालिका आणि जाहिराती यांतल्या कलावंतांना ‘दृकश्राव्य कामगार’ म्हणून जागा दिली आणि लेखी करार बंधनकारक केला. मोबदल्याची मर्यादा तिथेही आहेच. ललिता पवारांची जिद्द थोर होती, पण जखमी कलावंताचा निर्वाह त्याच्या जिद्दीवर सोपवणारा धंदा थोर म्हणता येत नाही. महाराष्ट्राने माथाडींसारखे मंडळ कलावंतांसाठी उभारावे आणि विम्याची पावती हातात पडल्याशिवाय कॅमेरा सुरू होणार नाही, असा नियम करावा.