बातमीत न मावलेली मुंबई

मुख्यमंत्र्यांची खुर्ची कोण हलवतो आहे, हे बातमीदाराला ठाऊक असते. पण हाती पुरावा नसेल तर छापायचे कसे? आपल्या वऱ्हाडातील परतवाड्यात १९४१ साली जन्मलेल्या अरुण साधूंनी त्यासाठी कादंबरीची वाट धरली.

पत्रकारिता बहुतांशी इंग्रजी दैनिकांत, कादंबऱ्या मात्र मराठीत: ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. या दोहोंवरून जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ चित्रपट केला. त्यातील पत्रकार दिगू टिपणीस मला मुख्यमंत्र्यांहून मोठा वाटतो. सारे जाणणारा, पण काहीच थांबवू न शकणारा.

पुढे साधू पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुख झाले. नव्या बातमीदारांना घडवू लागले. पडद्यावरचा दिगू मात्र अखेरीस वेड्यासारखा हसत सुटतो.