राब, वणवा आणि नकाशा

तेहतीस फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा; चाळीस गुंठ्यांचा एकर. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूरकडे सुरू केलेली मोजणी पुढे याच मापाने कोकणात उतरली. पेण तालुक्यात भूकरमापक म्हणून मी रुजू झालो तेव्हा हाताशी मीटरची टेप होती, पण जुनी टिपणं उघडली की आण्यांतच विचार करावा लागे.

गागोदे बुद्रुक म्हटलं की लोकांना विनोबा आठवतात. ११ सप्टेंबर १८९५ ला ते इथे जन्मले, तेव्हा ते साहजिकच आहे. मला हे गाव आधी कागदावर भेटलं. डोंगराकडच्या गावांचे नकाशे साधारण एकाच धाटणीचे असतात. खाली भातखाचरं, नंबराला नंबर लागून, बांधन् बांध टिपलेला. वर डोंगराकडे गेलं की रेषा विरळ होत जातात. ज्या जमिनीवर सारा बसायचा ती बारकाईने मोजली गेली. ऐन, किंजळ, साग, खैर असलेलं रान एका मोठ्या आकृतीत उरकलं. शंभर वर्षांहून जुनी ही सवय आजच्या उपग्रहाच्या नकाशातही शिल्लक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रानाला धोका आहे ही काळजी आजकालची नाही. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, तेव्हाच डोंगर उघडे पडल्याने पाण्याचं काय होतं याची चर्चा सुरू होती. मग १८७८ चा वन कायदा आला, राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या, बुरूज उभे राहिले. हद्दीच्या आत तोडायचं नाही. पण आमच्याकडचा शेतकरी राबाशिवाय भात कसा लावणार? ऐना-किंजळाचं कवळ, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, तोडायचं, वाळवायचं, शेण, कवळ, गवत आणि वर माती असे थर रोपाच्या जागेवर पसरायचे आणि मार्च-एप्रिलमध्ये भाजायचे. त्याने तणाचं बी मरतं, राख खत होते आणि पहिल्या पावसावर रोप जोमाने उठतं. सरकारी नजरेला मात्र छाटलेली झाडं आणि आग एवढंच दिसलं. ठाणे-कुलाब्याकडून तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा, आणि त्यात राबाचा प्रश्न ठळक आहे.

हद्दीच्या रेषेने माणसंही मेली. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरला, अक्कादेवीच्या माळावर, जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्मा झालेल्या आठ जणांत नवश्या महादेव कातकरी होते. चिरनेर पेणहून लांब नाही. मोजणीचं काम करणाऱ्या प्रत्येक पोराला तिथे एकदा न्यायला हवं.

नंतरच्या काळातली एक तारीख आम्हा मोजणीवाल्यांना पाठ असते: ३० ऑगस्ट १९७५. त्या दिवशी खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा अमलात आला आणि त्यातून आलेल्या ‘खाजगी वन’ शेऱ्यांची गुंतागुंत जिल्ह्यातल्या सातबाऱ्यांवर अजून चालू आहे.

मग रान वरून मोजायला सुरुवात झाली. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८१ ची, तिचा पहिला अहवाल १९८७ चा. तेव्हा लँडसॅट उपग्रहाची चित्रं डोळ्यांनी वाचत, आणि चारशे हेक्टरांपेक्षा लहान तुकडा नकाशावर येतच नसे. म्हणजे आमच्याकडचं एखादं देवरान त्या हिशेबात नव्हतंच. आता एक हेक्टरचा तुकडाही येतो. उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेतेवीस मीटरचा, माझ्या भाषेत साधारण साडेपाच गुंठ्यांचा. प्रगती मोठी आहे, आणि ती नाकारणाऱ्यांतला मी नाही. फक्त व्याख्या नीट वाचावी. जमिनीचा दहा टक्के किंवा जास्त भाग झाडांच्या छत्राखाली असला की ते वनाच्छादन; मालक कोण, झाड कोणतं, हे विचारात नाही. आंब्या-काजूची बाग आणि ऐना-किंजळाचं रान एकाच रंगात येऊ शकतं. जुनं रान तुटून कलमं लागली तरी बेरीज फारशी हलणार नाही.

आगीचं तर याहून नाजूक. हल्ली वणव्याच्या सूचना मोबाइलवर येतात. त्या देणाऱ्या व्हीआयआयआरएस उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरचा. गुणाकार करून पाहा: सुमारे चौदा हेक्टर, जवळजवळ १,३९० गुंठे. राब दोन-चार गुंठ्यांचा, पण बाजूबाजूच्या खाचरांत एकाच दुपारी पाच-सहा राब भाजले तर उपकरणाला उष्णता जाणवू शकते. वन सर्वेक्षणवाले असे ठिपके जंगलाच्या हद्दीवर ठेवून बाहेरचे गाळतात. गाळणी चांगली, पण तिची जाळी म्हणजे तीच जुनी हद्द. खाचर जंगलाला चिकटून असलं तर ठिपका कुठल्या बाजूचा, हे आकाशातून ठरत नाही.

निवृत्तीनंतर वनहक्क समितीच्या लोकांबरोबर जीपीएस घेऊन डोंगर चढताना अशाच एका ठिपक्यापाशी पोचलो. एक म्हातारा ठाकर बांधावर बसला होता. म्हणाला, "सायेब, हा राब हाय. वणवा परवा त्या अंगाला लागला हुता, सांजचा." आम्ही पलीकडे गेलो. कारवी काळी पडली होती, सागाची रोपं करपली होती, आणि सूचनांच्या यादीत त्या जागेचा ठिपका नव्हता. ते उपकरण वाहणारा उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला जातो. संध्याकाळी पेटून दहापर्यंत विझलेलं गवत त्याने पाहायचं कधी?

वनहक्क कायद्याने, माझ्या मते, या सगळ्याला योग्य जागा दिली आहे. कायदा २००६ चा, कसणुकीची अट १३ डिसेंबर २००५ ची, आणि २०१२ च्या दुरुस्त नियमांत साफ म्हटलं आहे की उपग्रहाचं चित्र पुराव्याला पूरक असेल, दुसऱ्या पुराव्याची जागा घेणार नाही. जंगलाचा धोका मोजतानाही हाच नियम का नसावा? पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीने अक्षांश-रेखांशाच्या पाच मिनिटांचे, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले. कस्तुरीरंगन समितीने गाव हे माप धरलं, वीस टक्के क्षेत्र संवेदनशील निघालं की अख्खं गाव यादीत. दोन्ही कामं मोठ्या अभ्यासाची. पण नऊ किलोमीटरच्या चौकोनात मुरुमासाठी फोडलेली एक टेकडी कशी दिसावी? १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हापासून आमच्याकडे डोंगरातल्या प्रत्येक भेगेकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. त्यांचं ते बघणं कुठल्या नकाशात जातं?

सध्या माझा आग्रह साधा आहे. ग्रामसभेच्या नकाशावर राबाचे नंबर आणि भाजायचा महिना लिहावा. वणवा कुठल्या अंगाने चढतो, जाळरेषा कुठे तुटली आहे, कुठला झरा मार्चपर्यंत टिकायचा आणि आता जानेवारीत आटतो, हेही वाडीवरल्या माणसांबरोबर चालून टिपावं आणि दर होळीनंतर दुरुस्त करावं. वन खात्याला ठिपक्यांची यादी येते, तिच्या शेजारी हा कागद ठेवला की कुठे धावायचं हे वनरक्षकाला पाच मिनिटांत कळेल. दोन वाड्यांचा असा कागद तयार झाला आहे. तिसऱ्या वाडीवर पाऊस उघडला की जायचं आहे.