घसारा आणि दुर्मिळता : जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या वाजवी किमतीचा प्रश्न

नागपूरच्या दक्षिणेस विमानतळालगत पसरलेल्या मिहान प्रकल्पाच्या भूमीवर मूल्यमापनाच्या दोन परस्परविरोधी रीती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ साली झाली. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही इत्यादी गावांच्या जमिनी प्रकल्पासाठी घेताना १८९४ च्या भूसंपादन कायद्याची कसोटी पुढे आली. आसपासच्या तशाच जमिनी कोणत्या भावाने विकल्या गेल्या, हे त्या कसोटीप्रमाणे पाहावयाचे असते. याच भूमीवरील विशेष आर्थिक क्षेत्रातून एखादे वापरलेले यंत्र देशांतर्गत बाजारात न्यावयाचे झाल्यास मात्र २००६ च्या नियमांप्रमाणे त्याचे वय मोजले जाते आणि दर तिमाहीस ठरावीक टक्के घसारा वजा होतो. पहिली रीत बाजाराला विचारते, दुसरी पंचांगाला. जमिनीला पहिली लावावी आणि यंत्राला दुसरी, यात सामान्यतः कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु वयाबरोबर जिचे मोल वाढते अशी यंत्रवस्तू समोर आली म्हणजे ही वाटणी कोलमडते. जुनी स्पोर्ट्स मोटार ही अशा वस्तूचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

घसाऱ्याच्या कोष्टकाचे गणित प्रथम पाहणे इष्ट. वापरलेल्या मोटारीचे मूल्य ठरविताना भारतीय सीमाशुल्क खात्याने जी पद्धत अवलंबिली, तीत पहिल्या वर्षी दर तिमाहीस ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २॥ आणि पुढे २ टक्के अशी वजावट असून एकूण मर्यादा ७० टक्के आहे. म्हणजे तीन वर्षांत ३८ टक्के मूल्य जाते आणि सातव्या वर्षाच्या अखेरीस मर्यादा गाठली जाते. त्यानंतर कोष्टक मुके होते. सात वर्षांची मोटार आणि सत्तर वर्षांची मोटार यांत त्याला काहीच भेद दिसत नाही! विमाव्यवसायाचे कोष्टक याहून लवकर थांबते. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफप्रमाणे चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के घसारा लागतो आणि पाच वर्षांपुढील मूल्य विमेदार व कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवावयाचे असते. आपली मर्यादा कोठे संपते हे या दुसऱ्या कोष्टकाने प्रांजळपणे मान्य केले, एवढे तरी श्रेय त्यास द्यावयास हवे.

महाराष्ट्रात जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा साठा मुळातच मर्यादित का राहिला, याचे उत्तर औद्योगिक धोरणाच्या इतिहासात आहे. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे परदेशी सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्यास प्रारंभ केला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनंतर देशात उत्तरोत्तर अधिकाधिक भाग बनविण्याची योजना असणाऱ्या कारखान्यांनाच वाव उरला आणि केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी येथील काम आटोपते घेतले. परकीय चलनाची टंचाई वाढत गेली, तशी तयार मोटारींची आयातही आटली. दोन आसनी, उघड्या टपाची, केवळ हौसेसाठी बनलेली गाडी येथे बनविण्याचे कोणाही कारखानदाराला प्रयोजन नव्हते. एम. जी. टी. सी. किंवा जॅग्वार एक्स. के. १२० यांसारख्या ज्या थोड्या गाड्या त्यापूर्वी बंदरावर उतरल्या होत्या, त्यांत पुढे भर पडली ती मुख्यतः परदेशी वकिलातींतील मंडळींनी मागे ठेवलेल्या आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विक्रीस निघालेल्या गाड्यांची.

या टंचाईने साध्या मोटारीच्या किमतीचाही तोल बिघडविला. १९५९ च्या नियंत्रण आदेशानंतर नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. परिणामी वापरलेली फियाट नव्या फियाटच्या ठरीव किमतीहून अधिक भावाने विकली जाण्याचा चमत्कार मुंबईकरांनी पाहिला. घसाऱ्याचे कोष्टक येथे उलटे झाले होते. तथापि हा चढा भाव गाडीच्या गुणांचा नव्हता. तो रांगेत न थांबण्याचा मोबदला होता. नियंत्रणे सैल होऊन मारुतीच्या गाड्या १९८३ पासून रस्त्यावर आल्या, तेव्हा तो मोबदला ओसरू लागला. जुन्या मोटारीच्या भावात टिकाऊ दुर्मिळता किती आणि तात्पुरती टंचाई किती, हे वेगळे काढणे मूल्यमापकाचे पहिले काम ठरते, ते या अनुभवामुळे.

वाजवी किमतीचा प्रश्न याच काळात न्यायालयापुढेही गेला. १९६९ मध्ये केंद्र शासनाने मोटारींच्या विक्रीकिमती आदेशाने बांधून दिल्या आणि कारखानदारांनी त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या त्या खटल्यात उत्पादनखर्च व गुंतविलेल्या भांडवलावरील रास्त परतावा यांच्या आधारे किंमत पाहण्यात आली. नव्या वस्तूपुरता हा विचार सयुक्तिक होय. जिचा कारखानाच कालौघात नाहीसा झाला, अशा मोटारीचा उत्पादनखर्च काढावयाचा कसा? तेथे पुन्हा जमिनीच्या कसोटीकडे, म्हणजे राजीखुशीने देणारा आणि राजीखुशीने घेणारा यांच्यातील कल्पित व्यवहाराकडे, वळावे लागते.

या कसोटीचा गाभा प्रिव्ही कौन्सिलने १९३९ साली विशाखापट्टणम बंदरालगतच्या एका जमिनीच्या खटल्यात उलगडून दाखविला. त्या जमिनीत गोड्या पाण्याचा झरा होता आणि त्याचा उपयोग करू शकणारे गिऱ्हाईक जवळजवळ एकच, ते म्हणजे संपादन करणारे बंदरखातेच. तरीही जमिनीची ही अंगभूत शक्यता मूल्यात धरली पाहिजे, असा निर्णय झाला. जुन्या स्पोर्ट्स मोटारीस हा निर्णय आश्चर्यकारकरीत्या लागू पडतो. तिचीही गिऱ्हाइके मोजकी असतात; पण ती मोजकी आहेत म्हणून गाडी भंगाराच्या भावाने द्यावी असे ठरत नाही. वडिलांच्या पश्चात गोठ्यात वा गाडीखान्यात पडून राहिलेली मोटार विकावयास काढणाऱ्या वारसांना नेमकी हीच गोष्ट ठाऊक नसते आणि घेणाऱ्यास ती पक्की ठाऊक असते. अन्याय घडतो तो येथे.

सदृश व्यवहारांची कसोटी तत्त्वतः बरोबर असली तरी तिला पुरावा लागतो, आणि तो दुबळा आहे. मिहानच्या परिसरात जमिनीचे निदान नोंदलेले खरेदीखत पुढे ठेवता येते. मोटारीच्या हस्तांतरात मालकाचे नाव बदलते. खरा भाव दोघांच्या मुखातच राहतो. परदेशांतील लिलावांचे आकडे छापून येतात, आणि २०२२ साली मर्सिडीझ-बेंझ ३०० एस. एल. आर. ही १९५५ ची गाडी १३ कोटी ५० लाख युरोंना गेल्याचे वाचून येथील विक्रेत्याच्या अपेक्षाही फुगतात. परंतु १९५० पूर्वीच्या मोटारींची निर्यात भारतातून मुक्तपणे करता येत नसल्यामुळे परदेशी गिऱ्हाईक येथल्या बाजारात उतरतच नाही. तेथला भाव रुपयांत मांडून येथल्या गाडीस चिकटविणे हे पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील गाळ्याचा दर खापरीच्या शेताला लावण्यासारखे होय.

मग उरतो तो खुद्द वस्तूचा पुरावा. येथे मूल्यमापकाचे काम इतिहाससंशोधकाच्या कामाहून फारसे निराळे नाही. मोडी कागदाची अस्सलता पारखावी तशी गाडीची पारखावी लागते. सांगाड्यावरील क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतात काय, इंजिन मूळचे की नंतर बसविलेले, पत्रा कोणत्या काळचा, हे प्रश्न आधी. रंगाची झळाळी नंतर. नागपुरात १९४० च्या दशकात नोंदलेल्या गाडीची कागदपत्रे विशेष काळजीने वाचावी लागतात. ती गाडी जागची न हलता मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० नंतरचे मध्य प्रदेश, १९५६ चे द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० चा महाराष्ट्र अशा चार राजवटींच्या दफ्तरांतून गेलेली असते. या साखळीतील एखादा दुवा नसणे हा नेहमीच लबाडीचा पुरावा नसतो; पण एकही दुवा नसेल, तर किंमत निम्म्याहून खाली आणण्यास घेणाऱ्याला पुरेसे कारण मिळते.

हवामानाचाही हिशेब आहे. एम. जी. टी. सी. ही १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजारांच्या संख्येने तयार झालेली गाडी. तिच्या पत्र्याखाली ॲश लाकडाची चौकट असते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा गंजतो आणि लाकूड सांध्यांत कुजते. नागपूरच्या कोरड्या हवेत लोखंड पुष्कळ टिकते. उलट ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रबर तडकते, कातडे फाटते आणि लाकूड आकसून दारे नीट बसेनाशी होतात. रबर व कातडे नवे घालता येते, चौकट नवी घातली की गाडीचा काही अंश नवा होतो. म्हणून समान वयाच्या दोन गाड्यांत विदर्भातील गाडीचा पत्रा आणि मुंबईतील गाडीचे गादीकाम पाहून फसू नये. दार उघडून त्याच्या बिजागरीशी लाकूड कसे आहे, ते पाहावे.

केवळ दुर्मिळता पुरत नाही, हेही ओघाने सांगितले पाहिजे. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची तंतुकाचेच्या अंगाची छोटी उघडी मोटार तयार झाली. ती थोडीच विकली गेली, त्यामुळे आज विरळाच दिसते. पण तिच्या विरळपणामागे शर्यतींचा लौकिक वा दीर्घ परंपरा नाही. वस्तू कमी असणे आणि ती हवी असणाऱ्यांची संख्या तीहून अधिक असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कायद्याने हा भेद उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी ओळखला. घसारा न कापता आधी ठरलेली पूर्ण रक्कम देणारी विमापत्रे २००२ च्या टॅरिफने फक्त व्हिंटेज मोटारींनाच मोकळी ठेवली. मात्र ती मोटार १९४० च्या अखेरीपूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली असावी लागे. युद्धोत्तर स्पोर्ट्स मोटारी, म्हणजे ज्यांविषयी आज सर्वाधिक घासाघीस होते त्याच, या व्याख्येबाहेर राहिल्या. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या खाजगी वाहनास वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशा वाहनाचा व्यवहार करता येतो, परंतु प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन व दुरुस्ती यांखेरीज ते रस्त्यावर आणता येत नाही. जिची किंमत ठरवावयाची ती वस्तू, अशा रीतीने, वाहतुकीच्या साधनांच्या वर्गातून बरीचशी बाहेर पडली आहे. आणि तिच्या विक्रीच्या वेळी नागपूरचा मध्यस्थ अजूनही प्रथम विचारतो, ती गाडी लिटरमागे किती धावते.