प्रमाण आणि एकस्व : दोन खटले

मुकुंदवाडी ही चिकलठाणा औद्योगिक वसाहतीलगतची वस्ती. शहराच्या पश्चिमेस वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. या कंपनीचा एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, गाजलेला खटला उद्योगातील प्रमाणांच्या संदर्भात पाहिला असता एक भेद स्पष्ट होतो.

१ एप्रिल २००० पासून दुचाकीने दर किलोमीटरला २ ग्रॅमहून अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडू नये, असे शासकीय प्रमाण होते. मर्यादा कोणत्या उपायाने पाळावी, याविषयी ते मौन बाळगत होते. लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवून विरल मिश्रण जाळण्याच्या युक्तीसाठी बजाजने १६ जुलै २००२ रोजी अर्ज केला. एकस्व २००५ मध्ये मिळाले. टीव्हीएसच्या 'फ्लेम' दुचाकीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये दिलेला मनाई हुकूम खंडपीठाने मे २००९ मध्ये उठविला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी विक्रीस मोकळीक देऊन हिशेब ठेवण्यास सांगितले. वाद तीन झडपांच्या इंजिनाचा होता. प्रदूषणाच्या प्रमाणाने कोणत्याच पक्षाला हात दिला नाही.

डीव्हीडीची गोष्ट निराळी. तबकडी कोणाचीही असो, ती कोणत्याही यंत्रात वाजावी, म्हणून संकेत उलगडण्याची रीतच तेथे प्रमाणात लिहिलेली होती. त्या रीतीवर फिलिप्सचे एकस्व होते. ते टाळून यंत्र करणे म्हणजे डीव्हीडी न वाजणारे यंत्र करणे. १२ जुलै २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, यंत्र प्रमाणाबरहुकूम आहे यावरूनच एकस्वभंग झाल्याचे मानले. न्यायशास्त्रात 'प्रमाण' म्हणजे ज्ञानाचे साधन; हा जुना अर्थ येथे अनपेक्षितपणे न्यायालयात परतला, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा एकस्वधारकाने परवाना न्याय्य, वाजवी व भेदभावरहित अटींवर द्यावा, हे त्याच्यावरील बंधन. पण वाजवी म्हणजे किती? प्रतिवादींनी दुसऱ्या दराचा पुरावाच आणला नाही. त्यामुळे वादीचे दर मान्य झाले : २७ मे २०१० पर्यंत यंत्रामागे ३.१७५ डॉलर, पुढे १.९० डॉलर. बंधन एकस्वधारकावर, तरी दर वाजवी नाही हे दाखविण्याचा भार व्यवहारात छोट्या उत्पादकावरच पडला.

एकस्वाची मुदत १२ फेब्रुवारी २०१५ रोजीच संपली होती. निकालाच्या दिवशी थांबविण्यासारखे उत्पादन उरले नव्हते. उरली होती ती केवळ रकमेची आकारणी.